वाच, पण दाखवू नकोस

बाई आमच्या गल्लीत राहायला आल्या तेव्हा मी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करत होते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. चंदगड तालुक्यात तीस-बत्तीस वर्षं नर्स म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या आणि कसबा बावड्यात भावाच्या घराला लागून दोन खोल्या काढून राहिल्या. लग्न केलेलं नव्हतं. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची, म्हणून मीही बाईच म्हणायचे.

पौर्णिमेला विहारात वंदना झाली की बायका त्यांच्याभोवती बसायच्या आणि बाई कुणाचं नाव न घेता बाळंतपणं सांगायच्या. कुठल्या वाडीत, कुठल्या साली, कुणाच्या घरात कोण जन्मलं, पायाळू की डोक्याकडून, रडायला किती वेळ लावला, हे सगळं त्यांना पाढ्यांसारखं पाठ होतं. चंदगडच्या पावसात ओढे ओलांडून त्या वाड्यावस्त्यांवर जायच्या. सुरुवातीला काही घरं त्यांना पाणी वरून ओतायची. त्याच घरातली बाई कळा सुरू झाल्या की त्यांचा हात सोडायची नाही. हे सांगताना बाईंच्या आवाजात कडवटपणा नसायचा. रजिस्टरात लिहिल्यासारखं सांगायच्या आणि पुढे जायच्या. मी लहानपणापासून बडबडी, पण त्यांच्यापुढे माझं तोंड आपोआप मिटायचं.

पुढे मला शाहूपुरीत एका डीटीपीच्या दुकानात काम मिळालं. लग्नपत्रिका, हॅंडबिलं, दुकानांच्या पाट्या. दोन हजार सालानंतर मालकांनी इंटरनेटची जोडणी घेतली आणि मला वेबसाइट करायला शिकून घे म्हणाले. शिकवणारं कोणी नव्हतं. मी दुसऱ्यांची पानं उघडून आतला मजकूर वाचायचे आणि ओळ न् ओळ उतरवून काढायचे. तोवर मराठी इंटरनेटवर चढवायची म्हणजे मोठी कटकट होती. माझ्या कॉम्प्युटरवर जे सुंदर दिसायचं, ते दुसऱ्याच्या पडद्यावर चौकोन आणि उलटीपालटी चिन्हं होऊन जायचं. मग युनिकोड आलं. एक दिवस मी सहज शोधयंत्रात ‘ओटी’ असा शब्द देवनागरीत टाकला, आणि समोर देवनागरीतच उत्तरं आली. कुणीतरी, कुठेतरी, माझ्याच अक्षरात लिहिलेली. त्या दिवशी मी एक पत्रिका चुकीच्या तारखेने छापली, इतकं माझं लक्ष उडालं होतं.

बाईंचं लिखाण नेटवर चढवायची कल्पना माझी. त्या वह्यांमध्ये लिहीतच होत्या. मी त्यांना म्हटलं, मी टाइप करते, जगात कुठूनही वाचता येईल. त्यांनी विचारलं, कुठूनही म्हणजे चंदगडातनं पण? मी म्हटलं, तिथूनही. तेवढ्यावर त्या तयार झाल्या. मालकांनी दुकानाच्या सर्व्हरवर कोपऱ्यात जागा दिली. मी आठवड्याला एक आठवण चढवू लागले. माणसांची नावं बाई लिहीतच नसत, वाडीचं नाव मात्र असायचं. बाळ कुठल्या मातीत जन्मलं ते लिहायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

सोबत मी एक फीडही केली. फीड म्हणजे वाचकाला साइटवर येऊन बघावं लागू नये म्हणून ठेवलेली एक साधी फाईल. नवं काही चढलं की त्याचा पूर्ण मजकूर त्या फाइलीतही टाकायचा, मग ज्यांनी नोंदणी केली असेल त्यांच्याकडे तो आपोआप पोचतो. मोठ्या साइटींवर हे यंत्र करतं. मी हाताने करायचे. आखातात नोकरीला असलेल्या आजऱ्याच्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं की त्यांना आठवण तिकडे फीडमधून मिळते, आणि ते ती जेवणाच्या सुट्टीत बायकोला फोनवरून वाचून दाखवतात. बाईंना मी ते पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.

त्याच काळात मी सर्व्हरची नोंदवही बघायला शिकले. कोण आलं, कुठलं पान मागितलं, किती वाजता, असं त्यात ओळीओळीने उतरतं. त्यात माणसांपेक्षा एकाच पाहुण्याच्या खेपा जास्त होत्या. तो माणूस नव्हता, शोधयंत्राचा रोबोट होता. दर काही तासांनी यायचा आणि पानांकडे न जाता फीडच वाचून जायचा. चंदगडच्या एखाद्या वाडीत बाळाची नाळ कशाने कापली, हे समुद्रापलीकडचं एक यंत्र रोज येऊन वाचतंय, हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “वाचू दे की. शिकंल काहीतरी.” मला मात्र ती नोंद बघताना अंगावर काटा यायचा. कुणाला कळवलं नव्हतं, आमंत्रण दिलं नव्हतं, आणि तो वाट शोधत आमच्या दारात पोचला होता.

दोन हजार आठच्या सुमाराला, दिवाळी होऊन गेल्यावर, चंदगडहून एक बाई एसटीने बावड्यात आली. सकाळीच पोचली होती. बाईंचं घर विचारत विचारत आली आणि उंबऱ्यात बसली, आत येईना. बाईंनी तिला पाहिल्याबरोबर ओळखलं. वाडीचं नाव घेऊन विचारलं, आणि दुसरा प्रश्न केला, “पोरी कशा हाईत?” त्यावर ती रडायला लागली. बाईंनी भावाच्या सुनेकरवी मला निरोप धाडला, म्हणून मी कामावर जायची थांबले.

गोष्ट अशी होती. वीस वर्षांपूर्वी तिला जुळ्या मुली झाल्या. एक बरी होती. दुसरी इतकी बारकी की घरच्यांनी तिची आशा सोडली होती. बाई त्या घरात नऊ दिवस राहिल्या. त्या मुलीला कापसात गुंडाळून, आईच्या उराशी बांधून, कापसाच्या वातीने थेंब थेंब दूध पाजून त्यांनी जगवली. आईच्या अंगात दोघींना पाजायची ताकद नव्हती. मुरगूडला तिची थोरली जाऊ होती, तिला मूलबाळ नव्हतं आणि दारात म्हैस होती. ती आली आणि बारकीला सहा महिन्यांसाठी म्हणून घेऊन गेली. सहा महिन्यांनी आई आणायला गेली तेव्हा जाऊ पाया पडली. मग ती मुलगी तिथेच वाढली, जावेची म्हणून. शाळेत घालताना मास्तरांनी जी जन्मतारीख मांडली ती लागली. चेहरेही वेगळे होते. दोघी बहिणी एकमेकींना चुलत बहिणी समजत मोठ्या झाल्या.

“मला काकू म्हनती ती,” बाईंच्या उंबऱ्यात बसून ती म्हणाली. चंदगडात बाईंना सगळे अक्का म्हणत. “अक्का, तुमी ते कॉम्प्युटरात लिवलंय म्हनं.”

तिला ते सांगितलं होतं वाडीच्या उपकेंद्रातल्या नव्या नर्सने. तिने अभिमानानेच सांगितलं होतं, की तुझ्या पोरीला अक्कांनी कसं जगवलं ते इंटरनेटवर आलंय. मुरगूडची मुलगी आता कोल्हापुरात डी.एड.ला होती. दिवाळीत वाडीला आली तेव्हा सांगत होती, आमच्या कॉम्प्युटरच्या सरांनी प्रत्येकाला आपल्या गावाचं नाव टाकून बघायला लावलं, मी मुरगूड टाकलं, आता पुढच्या तासाला आपली वाडी टाकून बघते.

बाईंचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. त्या उठल्या, आत गेल्या, वही आणली, ते पान काढलं आणि माझ्यापुढे धरलं. मला आठवलं. मीच टाइप केलं होतं. जुळ्या, कापूस, वात, नऊ दिवस, मुरगूडची जाऊ, सगळं. नावं नव्हती, पण वाडी होती आणि साल होतं. त्या पन्नास उंबऱ्यांत त्या साली आणखी कुणाच्या घरी जुळ्या झाल्या असणार?

आम्ही तिघी रिक्षाने शाहूपुरीत आलो. मी ते पान साइटवरून काढून टाकलं. चंदगडची ती माउली माझ्यामागे उभी राहून बघत होती. तिला वाचायला जेमतेम यायचं, पण वाडीचं नाव अक्षरांवरून ओळखायची, एसटीच्या पाटीवर बघून बघून. मी तिला धीर द्यायला म्हटलं, आता बघा, शोधून दाखवते. शोधयंत्रात वाडीचं नाव टाकलं.

एकच उत्तर आलं. अख्ख्या इंटरनेटवर त्या वाडीचं नाव एकाच ठिकाणी होतं, आणि ते आमची फीड होती. पान गेलं होतं, पण फीडमध्ये मी हाताने टाकलेली प्रत तशीच होती. उत्तराखाली दोन ओळी दिसत होत्या, ‘जुळ्यांपैकी बारकी मुरगूडच्या जावेने’ इथपर्यंत.

“ह्यो आमच्या वाडीचाच शब्द न्हवं?” तिने पडद्यावर बोट ठेवून विचारलं.

मी हो म्हटलं. मग घाईघाईने तिला समजावलं की ही एक दुसरी प्रत राहून गेली, आत्ता काढते. फीडमधूनही तो मजकूर काढला. तरी उत्तर दिसतच होतं, कारण शोधयंत्राने आधी वाचून आपल्याकडे साठवून ठेवलं होतं. तो पुन्हा येऊन बघेल तेव्हा जाईल, एवढं मला माहीत होतं. ती दुपारच्या गाडीने परत गेली. जाताना शेजारच्यांचा फोन नंबर देऊन गेली. बाई तिला स्टॅंडवर सोडून चालत परतल्या, आणि दुकानाच्या दारातच मला म्हणाल्या, “बत्तीस वर्सं घराघरांत शिरलो. सगळं बघितलं, एक शब्द बाहेर न्हाय काढला. आणि म्हातारपणी हे केलं.”

त्या दिवसापासून त्यांनी लिहिणं बंद केलं.

त्याच दुपारी, रोबोट परत यायच्या आधीच, मी घाईघाईत एक चूक केली. मला वाटलं, तो रोबोट फीडवर पुन्हा फिरकायलाच नको. प्रत्येक साइटवर एक छोटी फाईल ठेवता येते, तिच्यात रोबोटांना सांगता येतं की अमुक जागी येऊ नका. मी तिच्यात फीडचा पत्ता लिहिला. दुसऱ्या दिवशी नोंदवही उघडली. रोबोट आला होता. आधी त्याने ती छोटी फाईल मागितली होती, वाचली होती, आणि फीडला हात न लावता निघून गेला होता. मी किती वेळ त्या ओळीकडे बघत बसले. कुलूप नव्हतं, पासवर्ड नव्हता. फीड उघडीच होती. कोल्हापूरच्या एका गल्लीतल्या मुलीने नको म्हटलं, आणि ते यंत्र दारातून परत फिरलं. मी हे बाईंना सांगितलं. तरी त्यांनी वही उघडली नाही.

पण वाडीचं नाव टाकलं की तेच उत्तर, त्याच दोन ओळी. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी दिवसातून दहा वेळा बघायचे. फीडमध्ये तो मजकूर नव्हता, साइटवर नव्हता, तरी शोधयंत्रात होता. त्या मुलीचा कॉम्प्युटरचा तास कुठल्या वारी असतो हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. चंदगडहून शेजारच्यांच्या फोनवरून एकदा विचारणा आली, गेलं का म्हणून. मी अजून नाही म्हटलं. पलीकडून ती फक्त “बरं” म्हणाली.

शेवटी मी वेबसाइट करणाऱ्यांच्या एका इंग्रजी चर्चापानावर माझी अडचण लिहिली. माझं इंग्रजी यथातथाच. शब्दकोश घेऊन बसले होते. काय घडलं ते सगळं नाही सांगितलं, एवढंच लिहिलं की एका बाईचं खाजगी दुःख माझ्या फीडमधून जगापुढे गेलंय आणि ते मला परत घ्यायचंय. संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी उत्तर आलेलं होतं. लिहिणारा कोण, पुरुष की बाई, मला आजही माहीत नाही. खिडकीबाहेर बर्फ पडतोय, एवढंच त्याने स्वतःबद्दल लिहिलं होतं.

त्याने लिहिलं होतं, तुम्ही त्याला यायलाच बंदी केलीत. आता आत काय बदललंय हे त्याला कसं कळणार? त्याच्याकडे जुनी प्रत आहे आणि नवी बघायची त्याला मनाई आहे. बंदी उठवा. त्याला आत येऊ द्या. आणि फीड त्याच्या हातात देताना सोबत एक चिठ्ठी द्या: वाच, पण शोधात दाखवू नकोस. ती चिठ्ठी कशी द्यायची तेही त्याने लिहिलं होतं. सर्व्हरच्या एका फाइलीत एक ओळ घालायची. मग कुणीही फीड मागितली की सर्व्हर ती ओळ मजकुराच्या आधी पुढे करतो. माणसाला ती दिसत नाही, वाचकांकडे फीड पूर्वीसारखी पोचत राहते. रोबोटला दिसते. त्यातला मुख्य शब्द ‘नोइंडेक्स’, म्हणजे सूचीत घेऊ नकोस.

हे मला आधी उलटंच वाटलं. ज्याच्यापासून लपवायचं त्यालाच घरात घ्यायचं? मी छापून ते उत्तर बाईंकडे घेऊन गेले आणि मराठीत सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील, आता पुरे. त्यांनी कागद हातात घेतला, त्यातलं इंग्रजी समजत नसताना वरपासून खालपर्यंत बघितला.

“बरोबर हाय ह्याचं,” त्या म्हणाल्या. “दाराभाईर ठेवला तर तो कालचंच बोलत बसणार. आत घे. आणि सांग त्याला, बघ, पर बोलू नको. माणसाला जमतंय ते. त्याला का जमू नये?”

मी बंदी उठवली. ओळ घातली. मालकांना विचारून दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेले आणि नोंदवही उघडून बसले. नऊच्या सुमाराला तो आला. आधी छोटी फाईल मागितली. आता तिच्यात मनाई नव्हती. मग फीड मागितली. सर्व्हरने दिली, चिठ्ठीसकट. नोंदवहीत एवढीच एक ओळ वाढली. मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते, हे मला नंतर मालकांनी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी वाडीचं नाव टाकलं तर शोधयंत्राने सांगितलं की या शब्दासाठी काहीही सापडलं नाही. मी पुन्हा टाकलं. ऱ्हस्वदीर्घ बदलून टाकलं. नाही. पृथ्वीच्या पाठीवरून एक वाडी पुसली गेली होती, आणि मी आनंदाने रडत होते.

बाई म्हणाल्या, फोनवर नको, जाऊन सांगू. आम्ही दोघी एसटीने चंदगडला गेलो, तिथून वडापच्या जीपने वाडीवर. बाई निवृत्तीनंतर पहिल्यांदाच जात होत्या. जीपमधून उतरल्या आणि पाणवठ्यावरच्या एका बाईने हातातली घागर खाली ठेवली. मग घराघरांतून माणसं यायला लागली. मिशा फुटलेले बाप्ये, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. प्रत्येक जण पुढे येऊन उभा राहायचा आणि बाई चेहरा निरखून त्याच्या आईचं नाव सांगायच्या. एकदाही चुकल्या नाहीत. माझ्याकडची सगळी यंत्रं मला त्या वेळी खेळण्यातली वाटली. ह्या एका डोक्यात अख्खा तालुका होता, आणि बत्तीस वर्षं त्यातलं काहीही नको तिथे सांडलं नव्हतं. एकदा सांडलं, ते माझ्या हातून.

तिच्या घरी आम्हाला तांदळाची भाकरी आणि काजूची उसळ मिळाली. जेवणं झाल्यावर, घरातली सगळी बाहेर गेल्यावर, बाईंनी तिला सांगितलं की गेलं, आता कुणालाच दिसत न्हाय. ती बराच वेळ भांडी आवरत राहिली. मग समोर येऊन बसली.

“ह्या म्हैनाभरात मी रोज तिला मनात सांगून बघितलं, अक्का,” ती म्हणाली. “सांगता येतंय. कॉम्प्युटरानं न्हाय सांगायचं. मी सांगतो. जावंला घेऊन सांगतो.” मग म्हणाली, “आणि तुमी लिवायचं बंद नका करू. बाकीच्यांचं ऱ्हायलंय की.”

परतीच्या गाडीत बाई खिडकीशी बसून होत्या. गडहिंग्लज मागे पडल्यावर म्हणाल्या, पुढच्या आठवणीत वाड्यांची नावं घालायची नाहीत, आणि चढवायच्या आधी ज्यांचं आहे त्यांना विचारायचं. मी हो म्हटलं. त्याप्रमाणे आम्ही पुढे बरीच वर्षं केलं. फीडही राहिली, चिठ्ठीसकट. आजऱ्याचे गृहस्थ तिकडे वाचत राहिले.

परीक्षा झाल्यावर, उन्हाळ्यात, ती मुलगी एकटीच बाईंकडे आली. मी तिथे होते. उंच, सावळी, वेणी घट्ट घातलेली. तिने शोधयंत्रात वाडी टाकून बघितली तेव्हा काहीच सापडलं नव्हतं. तिला सगळं सांगून झालं होतं, दोन्ही आयांनी मिळून, मुरगूडच्या घरात. तिने पाया पडून विचारलं, तुम्ही लिहिलेलं वाचायला मिळेल का. बाईंनी वही दिली. ती भिंतीला टेकून बसली आणि वाचू लागली. मी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि तिथेच थांबले. 

मग तिने विचारलं, “आधी कोण झालं? मी का ती?”

“तू,” बाई म्हणाल्या. “ती तुझ्या मागनं अकरा मिनटांनी.”

मुलगी हसली. म्हणजे मी थोरली, असं काहीतरी पुटपुटली. मग तिने वातीबद्दल विचारलं, कापूस कुठला होता ते विचारलं, आणि बाई सांगत गेल्या, एकेक दिवस, नऊही. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. त्या दोघींच्या मध्ये जावंसं मला वाटलं नाही.